यवनांची प्राकृत नावे : पश्चिम दख्खनच्या लेण्यांतील एक प्रश्न

सातवाहनकालीन महाराष्ट्राचा भूमध्य सागराकडील व्यापार आता सर्वमान्य आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, अशी नोंद आहे. दोन्हीकडचा माल बिकट वाटांनी गाड्यांतून भडोचला जाई. कोल्हापूरजवळच्या ब्रह्मपुरीची पोसायडनची कांस्यमूर्तीही याच व्यापाराची खूण. परंतु वस्तू आली म्हणजे संस्कृती आली, असे मात्र होत नाही. मूर्ती मुकी असते. शिलालेख तसा नसतो.

कार्ले येथील चैत्यगृहाचे काही स्तंभ धेनुकाकट येथील ‘यवनां’नी दान दिले आहेत. त्यांची नावे पाहता वाचक थबकतो : सिहधय, यसवधन. त्यांत ग्रीक काहीच नाही. लेखांचा साचाही शेजारच्या स्थानिक दात्यांच्या लेखांसारखाच. यावरून काही अभ्यासकांनी हे धर्मांतरित ग्रीक मानले, तर काहींनी ‘यवन’ हा शब्द येथे पश्चिमेकडील कोणाही परकीयास लावला असावा, असे सुचविले. जुन्नरचा यवन इरिल या वादास आणखी गुंता घालतो, कारण त्याचे नाव ना धड ग्रीक, ना धड प्राकृत.

यांपैकी कोणताही पक्ष घेतला तरी लिपीचा प्रश्न उरतोच. क्षहरात नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरे आहेत, आणि 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या निधीत अशी नाणी 13,000 हून अधिक होती. म्हणजे ग्रीक अक्षरे या प्रदेशात हातोहाती फिरत होती. तरीही या यवनांनी दानलेखासाठी ब्राह्मी आणि प्राकृतच निवडली. ही सक्ती म्हणता येणार नाही. ज्या समाजात पुण्य नोंदवावयाचे, त्याच्याच भाषेत ते नोंदविले गेले, एवढेच म्हणणे अधिक सयुक्तिक.

नाशिकच्या सतराव्या लेण्यातील लेख या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. दाता स्वतःस उत्तरेकडील, दत्तामित्रीचा ‘योनक’ म्हणवितो. आपले परकेपण तो लपवीत नाही. त्याचे नाव मात्र इंद्राग्निदत्त, दोन वैदिक देवतांचे. आणि दान बौद्ध संघाला, मातापित्यांच्या पुण्यार्थ. पित्याचे नाव धर्मदेव, पुत्राचे धर्मरक्षित. एका कुळाच्या तीन पिढ्या त्या एका लेखात आहेत, आणि त्यांतील एकाही नावावरून त्यांचे मूळ ओळखता आले नसते.