घड्याळ देशाचे, सूर्य पालघरचा

केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२५ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सगळीकडे बंधनकारक करण्याच्या नियमांचा मसुदा काढला आणि ‘देशाला एक वेळ पुरते का?’ हा जुना वाद पुन्हा वर आला. या वादात कायम ऐकू येते ती ईशान्येची तक्रार. तिथे उन्हाळ्यात चार-सव्वाचारलाच फटफटते, म्हणून आसामातले चहामळे आपले घड्याळ तासभर पुढे ठेवत आले. तक्रार रास्त आहे. पण प्रमाणवेळेची रेषा मिर्झापूरजवळून, ८२.५ अंश रेखांशावरून जाते आणि पालघर-बोईसर-तारापूरचा पट्टा तिच्या पश्चिमेला जवळजवळ १० अंशांवर आहे. अंशाला ४ मिनिटे धरली तर इथला सूर्य घड्याळाच्या ३९ मिनिटे मागे चालतो. फेब्रुवारीच्या मध्यावर पालघरला खरी माध्यान्ह होते ती १२ वाजून ५३ मिनिटांनी. या टोकाची बाजू मात्र कोणी मांडत नाही.

एकेकाळी ती जोरात मांडली गेली होती. १ जानेवारी १९०६ला प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईत गिरणी कामगार खवळले. महापालिकेने ३९ मिनिटे मागची ‘मुंबई टाइम’ पुढे कित्येक दशके सोडली नाही. त्यात सरकारविरोधी राजकारण होते, हे खरे. पण भोंगा पाऊण तास आधी वाजणार म्हणजे झोप तेवढी मोडणार, हा हिशेब कामगाराला कोणी शिकवावा लागला नाही. आज तोच हिशेब तारापूर एमआयडीसीत लागू पडतो. जानेवारीत इथे सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास. सातच्या पाळीचा कामगार सफाळे किंवा केळवे रोडला अंधारात लोकल पकडतो, बोईसरला उतरून रिक्षात कोंबला जातो आणि कारखान्याच्या फाटकातून आत शिरतो तेव्हाही सूर्य वर आलेला नसतो.

या विषयावर अर्थतज्ज्ञ मौलिक जगनानी यांचे संशोधन मुळातून वाचण्यासारखे आहे. सूर्यास्त उशिरा झाला की मुले उशिरा झोपतात, पण शाळेची घंटा काही पुढे जात नाही. त्यामुळे तासभर उशिराच्या सूर्यास्तामागे मुलांची सुमारे अर्धा तास झोप कमी होते आणि पुढे शिक्षणाची वर्षेही घटतात, असे त्यांचे अनुमान आहे. झळ सर्वांत जास्त बसते ती गरीब घरांना. एका खोलीत पाच जण झोपणाऱ्या घरात पडदे ओढून लवकर झोपायची सोय नसतेच. यावर कोणी म्हणेल, केरळही पश्चिमेलाच आहे, तिथली मुले शिकलीच ना? बरोबर आहे, घड्याळ हे एकमेव कारण नव्हे. पण पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात आधीच अडचणींचा डोंगर असताना त्यात झोपेची तूट घालायचे कारण काय?

सुचवलेले उपायही आपल्या कामाचे नाहीत. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने २०१८ मध्ये दोन वेळांचा प्रस्ताव मांडला. त्यात आसामच्या पश्चिम सीमेपासून पूर्वेकडच्या भागाला नवी वेळ मिळते, पालघर आहे तिथेच राहते. विजेची बचत वर्षाला सुमारे २ कोटी युनिट, म्हणजे देशाच्या हिशेबात किरकोळ. बंगळुरूच्या एनआयएएस या संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी २०१२ मध्ये अख्ख्या देशाचे घड्याळ अर्धा तास पुढे घ्यावे असे सुचवले होते. बचत २७० कोटी युनिटांची, आकडा मोहात पाडणारा. पण मग जानेवारीत पालघरला सूर्योदय पावणेआठला! दिवे संध्याकाळी वाचवायचे आणि सकाळी लावायचे, आणि तेही एलईडीच्या जमान्यात.

देशाला एकच घड्याळ असावे. रेल्वे आणि बँकांचा व्याप पाहता दुसरे परवडणार नाही. पण घड्याळ एक म्हणजे घंटा एक, असे कुठल्या नियमात लिहिलेले नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असे ठरवले, ते प्रमाणवेळेला हात न लावताच. तेच धोरण वरच्या वर्गांना आणि आश्रमशाळांना लावावे आणि तारापूरच्या उद्योजकांनी निदान हिवाळ्यात पहिली पाळी साडेसातला सुरू करावी. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.