अंदमानला निघताय? ओआरएस आधी भरा

दिवाळीच्या सुट्टीआधी दोन-तीन आठवडे आमच्या ओपीडीत एक ठरावीक चौकशी सुरू होते. पूर्वी लोक विचारायचे, "डॉक्टर, बाळाला तिरुपतीला नेलं तर चालेल का?" आता विचारतात, "अंदमानला नेलं तर चालेल का?" सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी मुलांना दाखवायची, ही अनेक मराठी घरांतली जुनी इच्छा आहे. विमानप्रवास आवाक्यात आल्यापासून मुक्ताईनगरसारख्या तालुक्याच्या गावातूनही माणसं भुसावळला गाडी धरतात आणि कोलकाता किंवा चेन्नईमार्गे तिसऱ्या दिवशी समुद्रकिनाऱ्यावर उभी असतात.

दोन वर्षांपूर्वी असंच एक शिक्षक जोडपं आलं होतं. चार वर्षांचा मुलगा, दहा महिन्यांची मुलगी, सोबत आजी. त्यांनी औषधांची लांबलचक यादी करून आणली होती. त्यात अँटिबायोटिक होतं, उलटीचं औषध होतं, खोकल्याचं होतं. ओआरएस नव्हतं. मी उन्हाबद्दल बोलायला लागलो तसं आजींनी मला मध्येच थांबवलं. "डॉक्टरसाहेब, आमची पोरं पंचेचाळीस डिग्रीतली आहेत. तिथं तर तीसच्या वर जात नाही म्हणतात. त्यांना ऊन काय करणार?"

आजींचा हिशेब बरोबर वाटतो, पण तो चुकतो कुठे हे समजून घेणं गरजेचं आहे. आपलं शरीर घामाने थंड होतं असं आपण म्हणतो, पण नुसता घाम येऊन काही होत नाही. तो वाळला पाहिजे. घामाची वाफ होताना त्वचेतली उष्णता निघून जाते. आपल्या खान्देशात मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की घाम येताक्षणी वाळतो. अंदमानात तापमान तिशीच्या आसपास असलं तरी हवेतली आर्द्रता बहुधा ७० ते ८० टक्के असते. तिथे घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. शरीर थंड होत नाही आणि पाणी व मीठ मात्र जातच राहतं. लहान मुलांत हे आणखी लवकर घडतं, कारण वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठं असतं. शिवाय तहान लागली म्हणून पाणी मागण्याइतकं भान वाळूत खेळणाऱ्या पोराला नसतं. दर अर्ध्या तासाने आपणच त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली लावायची. सहा महिन्यांखालील बाळाला मात्र पाणी नको. आईचं दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजायचं.

दुसरी गफलत घड्याळाची होते. अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ मात्र तेच भारतीय वेळेचं. त्यामुळे तिथे सूर्य आपल्याकडच्यापेक्षा तासाभराहून अधिक आधी डोक्यावर येतो. घड्याळात अकरा-साडेअकरा वाजले की तिथे भर दुपार झालेली असते आणि नोव्हेंबर-डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. "सकाळी दहाला आरामात किनाऱ्यावर जाऊ" हा आपला बेत तिथे भर उन्हाचा बेत ठरतो. मुलांना घेऊन किनाऱ्यावर जायचं तर सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी तीननंतर. मधल्या वेळात सावली, जेवण आणि झोप. सहा महिन्यांखालील बाळाला सावलीत ठेवणं आणि अंगभर सुती कपडा घालणं हाच खरा उपाय आहे, सनस्क्रीनवर भिस्त नको.

आता मुख्य मुद्दा. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी, हे आपण भूगोलात शिकलो. डॉक्टरच्या दृष्टीने बेट म्हणजे जिथून मोठ्या रुग्णालयात पोचायला बोटीची वाट पाहावी लागते अशी जागा. राजधानीच्या शहरात, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरमध्ये (२०२४ पासून श्री विजयपुरम), मोठं सरकारी रुग्णालय आहे. पण पर्यटक रमतात ते स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप या बेटांवर, म्हणजे २०१८ पूर्वीच्या हॅवलॉक आणि नीलवर. तिथे प्राथमिक उपचार मिळतात. त्यापुढचं काही लागलं तर फेरीबोटीने दीड-दोन तास, सरकारी बोटीने त्याहून अधिक. रात्री नेहमीची बोट नसते आणि समुद्र खवळला तर दिवसाही बोटी रद्द होतात. आपल्याकडे पोराला जुलाब वाढले की मोटारसायकलवर घालून अर्ध्या तासात दवाखाना गाठता येतो. ही सवय घेऊन बेटावर जाऊ नका. तिथे उपचाराचे पहिले बारा तास आई-वडिलांच्याच हातात असतात.

हे शक्य आहे याचा दाखला आपल्याच देशातला आहे. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ आली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खायचा सोडा यांच्या पुड्या पाण्यात कालवून रुग्णांना तोंडावाटे द्यायला सुरुवात केली, आणि देणारे होते रुग्णांचेच नातेवाईक. तोवर तीस टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. यामागचं शास्त्र सोपं आहे. जुलाब होत असतानाही आतडं साखर आणि मीठ एकत्र शोषून घेतं आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. म्हणूनच नुसतं पाणी किंवा नुसतं गोड सरबत पुरत नाही, प्रमाण नेमकं लागतं.

म्हणून मोठी पुडी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या किंवा बाटलीबंद पाण्यातच टाकायची, थोडीथोडी पेल्यात नाही. केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं. प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालील बाळाला ५० ते १०० मिली, त्यावरच्या मुलाला १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करायचं. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस, त्यांचा डोस आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. ओआरएस आणि झिंक दोन्ही सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. दुकानात घ्यायचं तर पाकीट वाचून घ्या. गोड फळपेयांवर 'ओआरएस' हे नाव छापायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली. त्या पेयांत साखर जास्त असते आणि ती जुलाब वाढवू शकते. मुलांना जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या आणि स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक देऊ नका.

सहा तासांत लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेले, पोर मलूल पडलं, पाणीही पिईना, किंवा शौचात रक्त दिसलं, तर वाट पाहायची नाही. तडक बेटावरचं आरोग्य केंद्र गाठा. मुक्कामाच्या ठिकाणी पोचलात की सर्वांत आधी विचारायचा प्रश्न "नाश्ता किती वाजता?" हा नाही. "आरोग्य केंद्र कुठे आणि रात्री गाडी कोणाची मिळेल?" हा आहे.

पाण्याची दुसरी भीती बुडण्याची. लोक मला मगर आणि शार्कबद्दल विचारतात. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत हे खरं आहे. २०१० साली तेव्हाच्या हॅवलॉकला मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक महिलेचा मृत्यूही झाला होता. म्हणून इशाऱ्याची पाटी असेल तिथे आणि जाळीबाहेर पाण्यात उतरायचंच नाही. पण असे हल्ले विरळ असतात, बुडणं विरळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे तीन लाख माणसं बुडून मरतात आणि त्यांतली साधारण एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुलं असतात. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर पर्वणीला मुलाबाळांना घेऊन उतरणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. बुडणारं मूल सिनेमात दाखवतात तसं हात हलवून ओरडत नाही. त्याला श्वासच घेता येत नाही, तर ओरडणार कुठून? ते गुपचूप खाली जातं, आणि आई-वडील दहा फुटांवर फोटो काढत असतात.

केळीच्या बागेला आपण रखवालदार ठेवतो, तसा मुलांसाठी एक ठेवा. मूल पाण्यात किंवा पाण्याजवळ असेल तेव्हा एका मोठ्या माणसाचं काम फक्त त्याच्याकडे पाहणं, तेही हात पुरेल इतक्या अंतरावरून. त्याच्या हातात मोबाईल नको. अर्ध्या तासाने पाळी बदला. फुगवायच्या ट्यूबवर विसंबू नका. बोटीत मुलाच्या मापाचं लाईफ जॅकेट मागून घ्या, मोठ्यांचं जॅकेट अंगातून निसटून जातं. स्कूबा डायव्हिंग दहा वर्षांखालील मुलांसाठी नाही. आई-वडिलांना करायचं असेल तर दोघांनी एकाच वेळी पाण्याखाली जाऊ नये. आणि डायव्हिंगनंतर निदान १८ तास विमानात बसू नये.

कोणी बुडालंच तर त्याला उलटं धरणं, पोट दाबून पाणी काढणं हे प्रकार करू नका, त्यात अमूल्य मिनिटं जातात. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब, आणि मदत येईपर्यंत हे चालू ठेवा. जवळच्या रुग्णालयात सीपीआर शिकवतात का, ते निघण्यापूर्वी विचारा. शिकायला एक दुपार पुरते.

बाकीच्या गोष्टी लहान, पण उपयोगाच्या. विमान उतरताना बाळाला पाजत ठेवलं की कान दुखत नाहीत. बोट लागण्याचा त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त होतो. निघण्यापूर्वी हलकं खाऊ घाला आणि बोटीच्या मधल्या भागात बसवा. प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालील बाळाला द्यायचं नाही. जेलीफिश डसली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका. मुलांना अनवाणी पाण्यात सोडू नका, प्रवाळाने कापलेली जखम लवकर चिघळते. नेहमीच्या लसी पूर्ण आहेत का ते पाहा. टायफॉइड आणि हेपॅटायटिस ए या लसींबद्दल निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी डॉक्टरांशी बोला.

परत आल्यावर महिनाभरात मुलाला ताप आला तर डॉक्टरांना "आम्ही अंदमानला जाऊन आलो" हे न विचारता सांगा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे फुप्फुसातून रक्तस्राव होणाऱ्या तापाची साथ आली होती आणि पुढे तो लेप्टोस्पायरोसिस असल्याचं निष्पन्न झालं. हा आजार साचलेल्या पाण्यातून आणि चिखलातून होतो. डेंग्यू आणि मलेरियाही लक्षात ठेवावे लागतात. वेळीच ओळखले तर तिन्ही बरे होतात, पण ओळखायला प्रवासाची माहिती लागते.

त्या शिक्षक कुटुंबाने माझी टिपण घेतली आणि औषधांची अर्धी यादी खोडली. पंधरा दिवसांनी ते परत आले. स्वराज द्वीपवर दुसऱ्याच संध्याकाळी मुलाला जुलाब सुरू झाले होते. शेवटची बोट गेलेली. आरोग्य केंद्रात दाखवलं, तिथल्या डॉक्टरांनी ओआरएस चालू ठेवायला आणि कशावर लक्ष ठेवायचं ते सांगितलं. रात्रभर आईने दर पाच मिनिटांनी एक चमचा, आजीने मांडीवर डोकं, वडिलांनी वहीत जुलाब आणि उलट्यांची वेळ. "पाच वाजता उजाडलं," आई म्हणाली, "आणि साडेपाचला त्याने लघवी केली. आम्ही तिघं रडलो." आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक न उघडलेली पुडी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "एक उरली. दुसऱ्या कोणाला तरी द्या."