सीमारेषेबाहेरची कमाई

स्वतंत्र क्रीडा छायाचित्रकाराची मिळकत एका मालकाकडून येत नाही. वृत्तसंस्था, वृत्तपत्रे, क्रीडा संघटना, लीगमधील संघ, मॅरेथॉनचे संयोजक, क्रीडासाहित्याच्या कंपन्या, शाळा, अकादम्या आणि खुद्द खेळाडू अशा अनेक ठिकाणांहून ती थोडी थोडी जमते. त्यामुळे नेम धरून बटण दाबण्याइतकेच काम मिळवणे, करार वाचणे, बिल वसूल करणे आणि जुनी छायाचित्रे नीट जपणे हेही या व्यवसायाचे भाग आहेत.

पूर्वी या क्षेत्राचा मुख्य आधार पगारी नोकरीचा होता. मोठ्या वृत्तपत्रात क्रीडा पानासाठी छायाचित्रकार नेमलेला असे. छापील माध्यमांचे उत्पन्न घटले, तशा या जागा कमी झाल्या. अमेरिकेत ‘शिकागो सन-टाइम्स’ने २०१३ मध्ये आपला छायाचित्र विभागच बंद केला, ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने २०१५ मध्ये पगारावरचे सहाही छायाचित्रकार कमी केले. भारतात त्याच सुमारास उलट दिशेने मागणी वाढत होती. २००८ मध्ये आयपीएल, २०१४ मध्ये प्रो कबड्डी आणि इंडियन सुपर लीग, २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली. संघांना समाजमाध्यमांसाठी रोज ताजी छायाचित्रे लागू लागली. काम वृत्तपत्रांकडून संयोजक आणि संघांकडे सरकले आणि बरेचसे ते कंत्राटी स्वरूपाचे झाले.

प्रवेशपत्र

मोठ्या सामन्यात कॅमेरा घेऊन सीमारेषेजवळ बसायचे तर संयोजकांचे प्रवेशपत्र लागते. ते सहसा वृत्तपत्र किंवा वृत्तसंस्थेच्या पत्रावर मिळते; एकट्या माणसाच्या अर्जाला फारसे वजन नसते. म्हणून बहुतेक स्वतंत्र छायाचित्रकार एखाद्या संस्थेशी संबंध जोडून ठेवतात. या प्रवेशपत्राबरोबर अटी येतात. छायाचित्रे केवळ बातमीसाठी वापरता येतील, जाहिरातीसाठी विकता येणार नाहीत, ही त्यांतली नेहमीची अट.

दाराची किल्ली संयोजकाकडे असते, हे इंग्लंड संघाच्या २०१२ च्या भारत दौऱ्यात ठळकपणे दिसले. भारतीय क्रिकेट मंडळाने गेटी इमेजेससारख्या छायाचित्र संस्थांना प्रवेश नाकारला आणि निषेध म्हणून रॉयटर्स, एपी व एएफपी या वृत्तसंस्थांनीही मालिकेची छायाचित्रे देणे थांबवले. इंग्लंडमध्ये एके काळी कित्येक वर्षे कसोटी सामन्यांच्या छायाचित्रणाचा मक्ता ठरावीक एजन्सींकडेच असे. १९७२ मध्ये तो मोडल्यावर पॅट्रिक ईगर यांच्यासारख्या स्वतंत्र छायाचित्रकाराला मैदानात जागा मिळाली आणि पुढच्या चार दशकांत त्यांनी तीनशेहून अधिक कसोटी सामने टिपले.

भांडवल

या धंद्यात भांडवल आधी गुंतते. क्रिकेटमध्ये सीमारेषेपासून खेळपट्टी साधारण साठ-सत्तर मीटरवर असते. तिथे ४०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्सशिवाय भागत नाही. २.८ छिद्राची ४०० मिलिमीटर लेन्स नवी घ्यायची तर दहा लाख रुपयांहून अधिक मोजावे लागतात आणि तिचे सुमारे तीन किलो वजन दिवसभर मोनोपॉडवर तोलावे लागते. याउलट कबड्डीची पुरुषांची मॅट १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. तिथे ७० ते २०० मिलिमीटरची लेन्स पुरते. ती कंपनीनुसार दीड ते अडीच लाखांत येते, सेकंड हँड त्याहून स्वस्त. म्हणून नवख्याने कबड्डी, खो-खो, बॅडमिंटन, बॉक्सिंग, मल्लखांब यांपासून सुरुवात करणे व्यवहार्य ठरते. मोठी लेन्स कामापुरती भाड्याने आणून तिचे भाडे बिलात धरण्याची पद्धत रूढ आहे. दोन कॅमेरे, जलद मेमरी कार्डे, पावसाचे आवरण, लॅपटॉप आणि साहित्याचा विमा हा खर्चही सुरुवातीलाच हिशेबात घ्यावा लागतो.

जागा आणि जाण

क्रीडा छायाचित्रात जागेची निवड निम्मे काम करते. २५ मे १९६५ रोजी बॉक्सिंगच्या लढतीत महंमद अलीने सनी लिस्टनला पहिल्याच फेरीत पाडले, तो क्षण छायाचित्रकार नील लायफर यांनी रंगीत टिपला. त्याच चित्रात अलीच्या पायांमधून पलीकडे बसलेले अनुभवी छायाचित्रकार हर्ब शार्फमन दिसतात. त्यांच्या समोर अलीची पाठ होती.

कबड्डीत हे गणित प्रत्येक चढाईत सोडवावे लागते. चढाई तीस सेकंदांची. चढाईपटू प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात शिरताना त्याचा चेहरा हवा असेल, तर बचाव करणाऱ्या संघाच्या अंतिम रेषेमागे बसावे लागते. मात्र तिथून बचावपटूंच्या पाठीच दिसतात. खरा क्षण बहुधा परतीचा असतो. पायाला दोघे लोंबकळत आहेत, कमरेला तिसऱ्याची मिठी आहे आणि चढाईपटू हात ताणून मध्यरेषा गाठतो आहे. हे चित्र चढाईपटूच्या स्वतःच्या अंगणामागून मिळते. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, म्हणजे छायाचित्रकारालाही उठावे लागते. तालुक्याच्या स्पर्धेत दिव्यांचा प्रकाश बेताचा असतो. हालचाल गोठवायला शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ठेवले की आयएसओ ६४०० पर्यंत चढवावा लागतो आणि चित्रात दाणे येतात. दाणे चालतात, हललेला चेहरा चालत नाही.

कुस्तीच्या फडात मल्ल कोणता डाव टाकणार याचा अंदाज नसेल, तर चितपट होण्याचा क्षण हमखास पंचाच्या पाठीआड जातो. आजचे कॅमेरे सेकंदाला वीसपासून १२० पर्यंत चित्रे घेतात. तरी बटण कधी दाबायचे हे खेळाची जाणच ठरवते. चित्रांचा ढीग पडला तर निवडीचा वेळच वाढतो.

वेळेवर पोच

सामना संपल्यावर निवांत चित्रे पाठवण्याचे दिवस सरले. वृत्तसंस्थेला पहिले चित्र काही मिनिटांत हवे असते. त्यामुळे मैदानावरच चित्र निवडणे, कापणे, ओळ लिहिणे आणि पाठवणे चालते. चित्राच्या फाइलमध्ये खेळाडूचे पूर्ण नाव, संघ, स्पर्धा, ठिकाण, तारीख आणि छायाचित्रकाराचे नाव भरावे लागते. ‘चढाई करताना एक खेळाडू’ अशी ओळ असलेले चित्र पुढे शोधात सापडत नाही आणि न सापडणारे चित्र विकले जात नाही. म्हणून सामन्याआधी दोन्ही संघांची नावे आणि जर्सीचे क्रमांक उतरवून घेणे हा कामाचा भाग असतो.

दर आणि वसुली

मोबदल्याच्या तीन मुख्य रीती आहेत. पहिली, दिवसाचा किंवा सामन्याचा ठरीव दर. संघ आणि संयोजक तो देतात. दुसरी, छापून आलेल्या चित्रागणिक मानधन. तिसरी, चित्र ठरावीक वापरासाठी परवान्यावर देणे. मॅरेथॉनमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. मार्गावर छायाचित्रकार उभे केले जातात, बिब क्रमांकावरून प्रत्येक धावपटूचे चित्र वेगळे काढले जाते आणि ते धावपटूला विकले जाते किंवा नोंदणी शुल्कातच धरले जाते.

मोठ्या सामन्याने नाव होते. नियमित पैसा बहुधा शाळांचे क्रीडा महोत्सव, कंपन्यांच्या स्पर्धा, अकादम्या आणि मॅरेथॉन देतात. दर ठरवताना प्रवास, निवडीचे तास, साहित्याची झीज आणि टीडीएस गृहीत धरावा लागतो. सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी आवश्यक होते. बिले थकणे ही नेहमीची अडचण. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु सेवा व्यवसायाला २००६ च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क आहे आणि उशिरावर व्याजही मागता येते.

हक्क कोणाचा

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्र ही कलाकृती मानली आहे आणि ते काढणारा तिचा कर्ता ठरतो. मात्र कलम १७ मध्ये महत्त्वाचा अपवाद आहे. कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणजे न बोलता घेतलेल्या कामात छायाचित्रकार आपला हक्क घालवून बसतो. हक्क राखायचा असेल, तर काम सुरू होण्याआधी लेखी करार हवा: चित्रे कुठे, किती काळ, कशासाठी वापरायची आणि नाव छापायचे की नाही. खेळाडूचे चित्र जाहिरातीत वापरायचे तर त्याची संमती निराळी घ्यावी लागते.

हक्क जपण्याचे फळ उशिरा मिळते. लायफर यांचे अलीचे ते चित्र त्या वेळी ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावरही आले नव्हते. आज ते क्रीडा छायाचित्रणातील सर्वात प्रसिद्ध चित्रांत गणले जाते. जिल्हा स्पर्धेतला आजचा कुमार खेळाडू उद्या भारतीय संघात गेला, तर त्याच्या जुन्या चित्राला मागणी येते. मूळ फाइली दोन वेगळ्या ठिकाणी आणि नावनिशीवार ठेवलेल्या असतील, तरच ती पुरवता येते.

वर्षाची मांडणी

या व्यवसायाला हंगाम आहेत. हिवाळ्यात मॅरेथॉन, शालेय क्रीडा महोत्सव आणि कबड्डी, मार्चपासून आयपीएल, चैत्रापासून जत्रा-यात्रांतील कुस्तीचे फड, पावसाळ्यात मुंबईची कांगा लीग आणि सभागृहातले खेळ. तरीही काही महिने मोकळे जातातच. अनेक जण त्या काळात लग्ने, उद्योगांची कामे किंवा प्रशिक्षणवर्ग घेतात. खांदे, कंबर आणि गुडघे यांवर सतत ताण येत असल्याने वय वाढेल तसे संपादन, संघांचे माध्यमकाम किंवा नवोदितांना शिकवणे याकडे वळणारेही बरेच असतात. एका वर्षाच्या खर्चाइतकी शिल्लक, तीन-चार कायमचे ग्राहक आणि स्वतःच्या मालकीचा चित्रसंग्रह एवढे हाताशी असले की या कामावर घर चालवता येते.