चांगला प्रोसेसर म्हणजे कोणासाठी चांगला?

मागच्या व्याख्यानानंतर एकांनी विचारलं होतं, “सर, मूल्य म्हणजे शेवटी किंमतच ना?” त्याचं उत्तर आज प्रोसेसरच्या उदाहरणाने देतो. तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात कशाला पडावं? कारण माझा भाचा. (हशा)

भाचा लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. २०१७ च्या उन्हाळ्यात तो दोन नावं लिहिलेला कागद घेऊन आला. एक इंटेलचा कोअर आय७-७७००के, दुसरा एएमडीचा रायझन ७ १७००. अमेरिकेतली जाहीर किंमत पहिल्याची साधारण ३४० डॉलर, दुसऱ्याची ३२९. “मामा, यातला चांगला कुठला?”

पहिल्यात चार कोअर, दुसऱ्यात आठ. मी लगेच भागाकार केला. एका कोअरला इकडे ८५ डॉलर, तिकडे ४१. मला वाटलं, संपलं गणित! पण इंटेलचे चार कोअर ४.२ गिगाहर्ट्झने चालतात, गरज पडली की ४.५ पर्यंत जातात. रायझनचे ३ ने, फार तर ३.७. आणि नुसत्या गिगाहर्ट्झवरही जाऊ नका, कारण एका ठोक्यात किती काम उरकतं ते दर प्रोसेसरगणिक बदलतं.

आता इथे जीन अॅम्डाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये मांडलेला मुद्दा येतो. घरी कार्य आहे, भाजी चिरायला आठ जण बसले तर काम भराभर होतं. पण भात शिजायला लागायचा तेवढा वेळ लागतोच, तिथे आठ जण नुसते पातेल्याभोवती उभे. समजा निम्मं काम वाटताच येत नाही, तर कितीही माणसं लावा, एकूण वेग दुपटीपलीकडे जाणार नाही. तयार व्हिडिओ फाइल बाहेर काढणं हे बरंचसं भाजी चिरण्यासारखं, तिथे रायझन पुढे. त्या काळातले बरेच गेम भातासारखे, तिथे इंटेल पुढे.

आणि भाच्याचा मुलगा दहावीची परीक्षा देऊन गेमसाठी टपून बसलेला! घरात कॉम्प्युटर एकच. परीक्षणांमध्ये सगळ्या चाचण्यांची सरासरी काढून एक आकडा देतात. पण ही सरासरी कोणाची? बापाच्या कामाला किती वजन आणि मुलाच्या खेळाला किती, हे ठरवल्याशिवाय सरासरी निघतच नाही. ते वजन चाचणी घेणारा गुपचूप ठरवतो, आणि तो काही भाच्याच्या घरात राहत नाही. माझ्यासारख्या नुसतं टायपिंग करणाऱ्याचा हिशेब आणखी तिसराच. त्या रायझनमध्ये ग्राफिक्सच नव्हतं, वेगळं कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर अक्षर उमटलं नसतं. इंटेलमध्ये ती सोय आतच होती.

आणखी एक गंमत सांगतो. इंटेलचाच आठ कोअरचा आय७-६९००के २०१६ मध्ये हजार डॉलरच्या वर होता, आणि ज्यांना गरज होती ते तेवढे देत होते. मार्च २०१७ मध्ये रायझन आला. ६९००के च्या आत काहीच बदललं नाही, तो कालच्याइतकाच वेगवान होता. तरी एका दिवसात तो महाग ठरला! म्हणजे वस्तूचं मूल्य नुसतं वस्तूत नसतं, शेजारी काय ठेवलंय त्यावरही असतं.

भाच्याने पोटापाण्याचं काम आधी म्हणून रायझन घेतला. मुलगा रुसला. ऑक्टोबरमध्ये इंटेलने सहा कोअरचा आय७-८७००के ३५९ डॉलरला आणला, तेव्हा पोरगं मला म्हणालं, “बघा आजोबा, थांबायला हवं होतं.” पण ७७००के घेतलेल्यांनाही तो लाभला नाही, कारण सॉकेटचं नाव तेच असूनही जुन्या मदरबोर्डवर तो चालत नव्हता. एएमडीने मात्र आपलं एएम४ सॉकेट पुढच्या पिढ्यांनाही ठेवलं. कागद घेऊन आला त्या दिवशी हे भाच्याला माहीत असणं शक्यच नव्हतं, माझ्या भागाकारात तर ते कुठेच नव्हतं. २०१९ मध्ये त्याने त्याच बोर्डावर नवा रायझन बसवला. त्यावर गेम फार छान चालतात म्हणे, पण खेळणारा तोवर इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर गेला होता.