उत्पात, आकाशस्थ

उत्पात, आकाशस्थ : नेहमीच्या निसर्गक्रमाहून वेगळी आणि भावी शुभाशुभाची सूचक मानली गेलेली आकाशातील दृश्ये. धूमकेतू, उल्कापात, चंद्रसूर्यांभोवतीचे खळे, दिशांचा दाह, रात्रीचे इंद्रधनुष्य, प्रतिसूर्य इत्यादींचा त्यांत समावेश होतो. भारतीय ज्योतिषाचे गणित (सिद्धांत), संहिता व होरा (जातक) असे तीन स्कंध आहेत. उत्पातांचा विचार मुख्यतः संहितास्कंधात येतो. त्यामुळे त्यांची फले एखाद्या व्यक्तीच्या जन्मपत्रिकेपेक्षा राजा, देश, पर्जन्य, पीक, रोगराई व युद्ध यांच्याशी जोडलेली असतात. संहिताग्रंथांतील ‘केतू’ म्हणजे धूमकेतू (लोकभाषेत शेंडेनक्षत्र) होय. जातकातील नवग्रहांपैकी केतू हा चंद्रकक्षेचा एक पातबिंदू असून त्याचा धूमकेतूशी संबंध नाही.

वर्गीकरण : वराहमिहिराच्या (सहावे शतक) बृहत्संहितेत उत्पातांचे दिव्य, आंतरिक्ष व भौम असे तीन प्रकार सांगितले आहेत. ग्रहनक्षत्रांतील विकार हे दिव्य. उल्का, निर्घात (आकाशातील गडगडाट), परिवेष (खळे), गंधर्वनगर, इंद्रधनुष्य इ. आंतरिक्ष, आणि भूकंपासारखे पृथ्वीवरील विकार हे भौम होत. मनुष्यांच्या अनाचारामुळे देवता रुष्ट होतात व उत्पातांच्या रूपाने पूर्वसूचना देतात, अशी यामागील कल्पना होती. सूचना मिळाल्यावर राजाने शांती व दानधर्म करावा, असे विधान असल्याने उत्पातशास्त्राला राजनीतीतही स्थान होते. ऋतूला अनुसरून घडणाऱ्या गोष्टी मात्र उत्पात मानू नयेत, असे वराहमिहिराने स्पष्ट केले आहे. म्हणजे एखादे दृश्य उत्पात ठरविण्यापूर्वी ऋतूंचे नित्य स्वरूप जाणणे आवश्यक होते. बंगालचा राजा बल्लालसेन याने बाराव्या शतकात रचावयास घेतलेल्या अद्भुतसागर या ग्रंथात पूर्वाचार्यांच्या अशा वचनांचा मोठा संग्रह आढळतो.

केतुविचार : केतूंच्या संख्येविषयी पूर्वाचार्यांत एकमत नव्हते. कोणी १०१, कोणी १,००० केतू मानीत; तर नारदाच्या मते केतू एकच असून तो अनेक रूपांनी दिसतो. धूमकेतू जितके दिवस दिसेल तितके महिने, व जितके महिने दिसेल तितकी वर्षे त्याचे फल टिकते. फलाचा आरंभ तीन पंधरवड्यांनंतर होतो, असा नियम दिलेला आहे. सर्वच केतू अशुभ नव्हते. पश्चिमेस एकच रात्र दिसणारा, पूर्वेकडे शिखा असलेला शुभ्र कुमुदकेतू दहा वर्षे सुभिक्ष देतो, असे म्हटले आहे. चलकेतू पश्चिमेस उगवून उत्तरेकडे जाताना लांब होत जातो व सप्तर्षी, ध्रुव आणि अभिजित यांना स्पर्श करून परततो, हे वर्णन प्रत्यक्ष वेधांवर आधारलेले दिसते. केतूंचा उदयास्त गणिताने जाणता येत नाही, हे वराहमिहिराने केलेले विधान विशेष महत्त्वाचे आहे. ज्याचे गणित करता येत नव्हते तेच प्राधान्याने उत्पाताच्या सदरात गेले, असे यावरून म्हणता येते.

खानदेशातील परंपरा : गणित व फलित यांचा सहवास खानदेशातील दोन शिलालेखांत स्पष्ट दिसतो. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण (पाटणे) येथील शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू व यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आपल्या आजोबांच्या सिद्धांतशिरोमणी इ. ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला. श. ११२८, प्रभव संवत्सर (इ. स. १२०७) मध्ये श्रावण पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या वेळी, निकुंभवंशीय सोइदेवाने या मठास दान दिले. लेखाच्या मराठी भागात बाजारातील मालावरील उत्पन्नाचा अंश व प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल अशा देणग्यांची नोंद आहे. ज्या मठात ग्रहणाचे गणित शिकविले जावयाचे, त्यालाच ग्रहणाच्या पुण्यकाळी दान मिळाले, ही गोष्ट लक्षणीय आहे. ग्रहणाचे कारण कळले आणि त्याची वेळ आधी वर्तविता आली, तरी त्याचे धार्मिक महत्त्व लोप पावले नाही. मात्र ते अनपेक्षित संकट राहिले नाही.

त्याच तालुक्यात गिरणाकाठच्या बहाळ येथील श. ११४४ (इ. स. १२२२) च्या लेखात, भास्कराचार्यांचा बंधू श्रीपती याचा नातू अनंतदेव याचा उल्लेख आहे. हाही सिंघणाचा ज्योतिषी होता. ब्रह्मगुप्ताच्या ब्राह्मस्फुटसिद्धांतातील एका अध्यायावर आणि वराहमिहिराच्या बृहज्जातकावर, म्हणजे एका गणिताच्या व एका फलिताच्या ग्रंथावर, त्याने टीका लिहिल्याचे लेखावरून कळते. एकाच घराण्यात दोन्ही विद्या विरोधाशिवाय नांदत होत्या. काही काळ धुळे येथे शिक्षक असलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–९८) यांनी आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्र (१८९६) या ग्रंथात तिन्ही स्कंधांचा इतिहास वेगवेगळा मांडून त्यांतील भेद मराठी वाचकांपुढे ठेवला.

इतिहासलेखनातील उत्पात : थोर पुरुषाच्या मृत्यूच्या वर्णनात उत्पातांची यादी देण्याची लेखनपरंपरा जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या निधनाच्या (३ एप्रिल १६८०) प्रसंगी भूकंप, धूमकेतूचा उदय, उल्कापात, रात्री जोडइंद्रधनुष्ये व दिग्दाह झाल्याचे सभासदाच्या बखरीत म्हटले आहे. ही यादी संहिताग्रंथांतील उत्पातांशी जवळजवळ तंतोतंत जुळते. त्या काळचा प्रसिद्ध धूमकेतू गोटफ्रीट किर्ख याने १४ नोव्हेंबर १६८० रोजी प्रथम पाहिला व डिसेंबरात तो अतिशय तेजस्वी झाला. म्हणजे तो निधनानंतर सात महिन्यांनी दिसला. बखर सु. १६९४–९७ मध्ये लिहिली गेली. मधल्या काळात दोन्ही स्मृती एकत्र आल्या असणे शक्य आहे. अशा नोंदी खगोलीय घटनेचा पुरावा म्हणून वापरताना तारीख स्वतंत्रपणे पडताळणे अवश्य ठरते; लोकांनी त्या मृत्यूला केवढे महत्त्व दिले याचा पुरावा म्हणून मात्र त्यांचे मोल कमी होत नाही.

आधुनिक विवरण : एडमंड हॅली यांनी १७०५ मध्ये एका धूमकेतूची कक्षा प्रसिद्ध करून तो १७५८ च्या सुमारास परतेल, असे भाकीत केले. २५ डिसेंबर १७५८ रोजी तो पुन्हा दिसला आणि केतू गणिताच्या कक्षेत आले. १९१० व १९८६ मध्ये येऊन गेलेला हा धूमकेतू २०६१ मध्ये परत येईल. धूमकेतूचे केंद्र बर्फ व धूळ यांचे बनलेले असते. सूर्याजवळ आल्यावर त्यातून बाहेर पडणाऱ्या वायूची व धुळीची शेपटी सर्वसाधारणपणे सूर्याच्या विरुद्ध दिशेस पसरते. खळे हे उंच विरळ ढगांतील हिमस्फटिकांत प्रकाशाचे वक्रीभवन होऊन दिसते. त्याची नेहमीची त्रिज्या सु. २२° असते.

दोन घटना एका काळात आल्या म्हणजे त्यांत कार्यकारणसंबंध असतोच असे नाही, याचे उदाहरण खानदेशातच सापडते. मार्च १८४३ मध्ये एक अतितेजस्वी धूमकेतू दिसला आणि २९ जून १८४३ रोजी एदलाबाद (सध्याचे मुक्ताईनगर) परिसरातील मानेगाव येथे अशनिपात झाला. उत्पातशास्त्राच्या चौकटीत या दोहोंची सांगड सहज घालता आली असती. तथापि मानेगावचा अशनी डायोजेनाइट या विरळ प्रकारचा असून असे अशनी व्हेस्टा या लघुग्रहापासून आले असावेत, असे मानले जाते. धूमकेतूशी त्याचा संबंध नाही. अलीकडे २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, जळगावसह महाराष्ट्राच्या अनेक भागांत जळत्या वस्तूंची रांग आकाशातून जाताना दिसली व अनेकांस ती उल्कावृष्टी वाटली. चंद्रपूर जिल्ह्यात धातूचे मोठे कडे सापडल्यानंतर ते चिनी अग्निबाणाच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला.

धूमकेतू वा उल्का यांमुळे राजकीय उलथापालथ, रोगराई किंवा अवर्षण होते यास शास्त्रीय आधार नाही. तथापि उत्पातांच्या भीतीपोटी का होईना, प्राचीनांनी आकाशातील अनियमित घटनांची दिशा, रंग, आकार व काळ यांची बारकाईने नोंद ठेवली. फलादेश वगळूनही या नोंदींचे मोल उरते.