अमरावतीचा चुनखडक

भाजे, कार्ले, अजिंठा येथील लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत, तो ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनला. अमरावतीच्या महास्तूपाचा पाषाण मात्र पाण्यात जन्मला. (ही अमरावती विदर्भातील नव्हे, ती आंध्र प्रदेशात, कृष्णेच्या तीरावर आहे.) त्या स्तूपाचे शिल्पपट्ट पलनाड भागातील फिकट हिरवट-पांढऱ्या चुनखडकाचे आहेत. कित्येक जुन्या ग्रंथांत त्यास संगमरवर म्हटले आहे, ते बरोबर नाही. चुनखडक उष्णतेने व दाबाने पुन्हा स्फटिकरूप झाला म्हणजे संगमरवर होतो. येथे तसे घडलेले नाही.

चुनखडकाचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. पावसाचे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होते, खडकांतील कॅल्शियम विरघळविते आणि नद्यांवाटे ते समुद्रास मिळते. उथळ, उबदार समुद्रात शिंपले, प्रवाळ व असंख्य सूक्ष्म जीव त्यातून आपली कवचे घडवितात. जीव मरतात, कवचांचा चुरा तळाशी साचतो, वरील थरांच्या भाराने घट्ट होतो आणि दीर्घ काळाने त्याचा खडक बनतो. पलनाडचा खडक याहूनही प्राचीन, शंखशिंपल्यांचे प्राणी अवतरण्यापूर्वीचा मानला जातो. तेव्हा त्यात कवचे शोधणे व्यर्थ. त्या काळी चुन्याचे कण समुद्रजलातून थेट, किंवा सूक्ष्मजीवांच्या क्रियेमुळे, वेगळे होऊन तळाशी बसत.

म्हणूनच या दगडाचा पोत अतिशय बारीक आहे. त्यातील कॅल्साइट या खनिजाची कठिनता मोहच्या श्रेणीत अवघी 3. लोखंडी छिन्नीपुढे ते नमते. बोधिवृक्षाची पाने, तथागतांचे रिक्त आसन, वस्त्रांच्या चुण्या इतक्या नाजूकपणे उमटल्या, त्यात शिल्पींच्या हाताइतकाच या पोताचाही वाटा आहे. पट्टांवर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. विधिक नावाच्या चर्मकाराने आपल्या कुटुंबियांसह पूर्णघटाचा पट्ट दान केल्याचा लेख त्यांत आहे. राजांच्या प्रशस्तीपेक्षा मला तो मोलाचा वाटतो.

ज्या घटकाने हे शिल्प शक्य केले, त्यानेच त्याचा घातही केला. शुद्ध चुनखडक सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजला, की 100 किलो दगडातून 44 किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो व 56 किलो कळीचा चुना उरतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील जमीनदाराच्या बांधकामांसाठी स्तूपाचा ढिगारा उकरला गेला. काही पट्ट भिंतींत व पायऱ्यांत बसविले गेले आणि कित्येक चुन्याच्या भट्टीत गेले. असा चुना पाण्याने विरून बांधकामात हवेतील वायू पुन्हा शोषतो आणि परत कॅल्शियम कार्बोनेट होतो. रसायनाच्या दृष्टीने दगड परत आला. कोरलेली नावे मात्र गेली.

कॉलिन मॅकेन्झी हे अधिकारी 1798 च्या सुमारास तेथे पोहोचले. पुढे 1816 नंतर त्यांनी शिल्पांची रेखाचित्रे काढविली. त्यांतील काही पट्ट आज केवळ त्या चित्रांतच उरले आहेत. वाचलेली शिल्पे मुख्यत्वे चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात, लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आणि अमरावतीतील संग्रहालयात आहेत. तेथे जाणाऱ्यांनी शिल्पास हात मात्र लावू नये; घामातील सौम्य आम्लही चुनखडकास हळूहळू झिजविते.