सील बदलण्याआधी

गाडीखाली तेलाचा डाग दिसला तर आधी त्याचा वास घ्यावा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो, कारण गिअरच्या दात्यांवरचा दाब सोसण्यासाठी त्यात गंधकयुक्त घटक मिसळलेले असतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजात हे काम मी शेजारी उभं राहून पाहिलं. मिस्त्रींनी पुढच्या डाव्या चाकामागे बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, “साहेब, अ‍ॅक्सलचं सील गेलंय.”

तरीही त्यांनी लगेच पाना उचलला नाही. तेल आणि धुळीचा थर डिझेल-ब्रशने धुऊन काढला, कोरडं फडकं फिरवलं आणि गाडी थोडी फिरवून आणायला सांगितली. वरून कुठून तरी ओघळलेलं तेलही अ‍ॅक्सलपाशीच येऊन थेंब धरतं. परत आल्यावर ओल फक्त अ‍ॅक्सल जिथून बाहेर येतो त्या गोलाभोवती होती. मग शंका उरली नाही.

इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच घरात असतात आणि त्या घरातून दोन्ही बाजूंना अ‍ॅक्सल निघतात. दांडा फिरतो, घर स्थिर असतं. मधली फट रबराची एक पातळ कड सांभाळते आणि मागून बारीक गोल स्प्रिंग तिला दांड्यावर दाबून धरते. वॉल्टर सिमर या ऑस्ट्रियन तंत्रज्ञाने जर्मनीत 1930च्या सुमारास असं सील घडवलं, तेव्हा ती कड चामड्याची होती. आपल्याकडे डिसेंबर 1983मध्ये मारुती 800 आली आणि पुढच्या अ‍ॅक्सलची ही दुरुस्ती गावोगावच्या गॅरेजांत पोचली. त्याआधीच्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये मागचं सील गेलं की तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरून लायनर भिजवायचं.

चाकं जमिनीवर असतानाच अ‍ॅक्सलचा मोठा नट सैल केला, मग जॅक, खाली घोड्या, तेल काढून घेतलं. खालचा बॉल जॉइंट सोडवला, हब बाहेरच्या बाजूला वळवला. शागिर्द अ‍ॅक्सल धरून ओढणार तोच मिस्त्री म्हणाले, “दांडा ओढू नको रे! आतला जॉइंट सुटंल.” त्यांनी जॉइंट आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये छोटी पहार सारली, एक मोजका झटका दिला. आतल्या सर्कलिपने पकड सोडली.

यानंतरची काही मिनिटं मला सगळ्यांत मोलाची वाटली. जुनं सील बाहेर आलं, कड कडक झाली होती, आणि इथं नवं ठोकून मोकळं होता आलं असतं. मिस्त्रींनी मात्र दांड्यावर नख फिरवलं. कडेने तिथं खाच पाडली असती तर नवं सीलही टिकलं नसतं. बेअरिंगमध्ये खेळ आहे का, हे त्यांनी अ‍ॅक्सल काढण्यापूर्वीच हलवून पाहिलं होतं. शेवटी गिअरबॉक्सवरचा ब्रीदर तपासला. तो चिखलाने बुजला होता. तेल तापलं की आतली हवा फुगते. तिला वर वाट मिळाली नाही तर ती सीलच्या कडेतून तेल बाहेर ढकलते. ब्रीदर साफ झाला, तेव्हा माझ्या मते अर्धी दुरुस्ती झाली.

नव्या सीलची स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. कडेला तेलाचं बोट. बाहेरच्या रिंगच्या मापाची गोटी ठेवून चारही बाजूंनी हलके ठोके, कारण सील तिरकं बसलं तर गळती पुन्हा ठरलेली. अ‍ॅक्सल आत घालताना त्याच्या खाचा नव्या कडेला घासू नयेत म्हणून शागिर्दाने दांडा तोलून धरला. सर्कलिप नवी, नट नवा. गाडी सपाट ठेवून लेव्हलच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत भरलं. कोणतं तेल, हे गाडीच्या पुस्तकातूनच पाहिलं पाहिजे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर त्याबाबत तडजोड करूच नये.

बहुतेक साध्या गिअरबॉक्सला तेल मोजायची पट्टी नसते आणि तेल कमी झालं म्हणून डॅशबोर्डवर दिवाही लागत नाही. म्हणून गाडी सर्व्हिसिंगला वर उचललेली असेल तेव्हा वाकून दोन्ही अ‍ॅक्सलच्या मुळाशी पाहा. ओल दिसली तर सील बदलायला सांगाच, पण त्याआधी ब्रीदर, बेअरिंग आणि दांडा तपासलाय का, हेही विचारा.